टेबलावरचं ओझं : विद्यापीठ कार्यालयांतून आलेले प्रश्न

उन्हाळी परीक्षांचे निकाल लागायचे असतात, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज येऊन पडलेले असतात आणि तेवढ्यात नव्या प्रवेशांची नोंदणी सुरू होते. याच दिवसांत विद्यापीठांच्या, उपकेंद्रांच्या आणि कृषी विद्यापीठांच्या तालुक्यांतल्या केंद्रांच्या कार्यालयांतून बरीच पत्रं आली. या महिन्याचं सदर त्यांच्यासाठी ठेवलं आहे. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

मी परीक्षा विभागात आहे. पुनर्मूल्यांकन, रोखलेले निकाल आणि अंतर्गत गुणांची नोंद ही तिन्ही कामं माझ्याकडेच. पाच मिनिटं शांत जात नाहीत. फोन नाहीतर खिडकीवर मुलं. संध्याकाळी निघताना वाटतं, दिवसभर राबलो पण एकही काम पुरं झालं नाही. मागच्या सत्रात दोन विद्यार्थ्यांचे गुण माझ्याकडून चुकले. तेव्हापासून रात्री दोन-अडीचला जाग येते आणि बैठक क्रमांक डोळ्यापुढे फिरतात. योगासनं सुरू केली, फरक नाही. माझ्यातच काही कमी आहे का?
— कनिष्ठ लिपिक, यवतमाळ जिल्हा

नाही. कमी तुमच्या टेबलाच्या रचनेत आहे आणि ती कागदावर दाखवता येते.

नुसतं काम जास्त म्हणून माणूस खचत नाही. पेरणीत कास्तकार पहाटेपासून राबतो, पण कोणतं वावर आधी आणि कोणतं नंतर हे तो ठरवतो. काम जास्त आणि त्यावर स्वतःचा ताबा काहीच नाही, ही जोडी माणसाला आतून पोखरते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये कामाच्या ताणाची हीच मांडणी केली आणि परीक्षा विभागाला ती तंतोतंत लागू पडते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे शेवटच्या पेपरनंतर ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. बंधन विद्यापीठावर आहे. उत्तरपत्रिका उशिरा तपासून आल्या, महाविद्यालयानं अंतर्गत गुण पाठवले नाहीत, यातलं काहीच तुमच्या हातात नसतं. खिडकीवर तोंड मात्र तुम्हीच देता. म्हणून योगासनांच्या आधी टेबल.

वहीचं एक पान घ्या आणि पाच रकाने पाडा: वेळ, काम, कोणी सांगितलं, किती मिनिटं लागली, कशानं थांबलं. सलग १० कामाचे दिवस भरा. फोनसाठी वाक्य लिहीत बसू नका. शेवटच्या रकान्यात उभी रेघ मारा, चार रेघांवर पाचवी आडवी. एकच काळजी घ्या, ही नोंद दिवस संपल्यावर आठवून करू नका. संध्याकाळी त्रास आठवतो, मिनिटं आठवत नाहीत.

दहा दिवसांनी वही पाहिली की सहसा दोन गोष्टी दिसतात. फोनवरचे प्रश्न शंभर असले तरी प्रकार चार-पाचच असतात: निकाल कधी, माझा का रोखला, गुणपत्रिका कॉलेजला गेली का, अर्जाची शेवटची तारीख कोणती. आणि सगळ्यात किचकट काम, म्हणजे गुणांची नोंद, नेमकी गर्दीच्या वेळी होत असते. पहिल्यासाठी खिडकीबाहेर मोठ्या अक्षरांत त्या चार प्रश्नांची उत्तरं लावा, दर सोमवारी बदला आणि खाली तारीख घाला. तारीख नसलेल्या सूचनेवर कोणी विश्वास ठेवत नाही. रोखलेल्या निकालांची चौकशी प्रत्येक मुलानं करण्याऐवजी महाविद्यालयाच्या लिपिकानं दिवसातून एकदा एका यादीत पाठवावी. यादीत बैठक क्रमांक, विषय आणि अडचण एवढे तीनच रकाने. दुसऱ्यासाठी सकाळचा पहिला तास नोंदीला द्या. त्या तासात तुमचा फोन शेजारचं टेबल घेईल, पुढच्या तासात त्यांचा तुम्ही घ्या. खिडकीची वेळ ठरवून घेता आली तर उत्तम, पण ती अधीक्षकांच्या सहीनंच लावा. आणि ‘चौकशी करू नये’ अशी पाटी कृपा करून लावू नका. पहाटेची एसटी धरून दूरच्या गावाहून आलेला मुलगा पाटी वाचून परत जाणार नाही, तो भांडेल. त्याच्या हातात आवक क्रमांक आणि पुन्हा विचारण्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी द्या. रिकाम्या हातानं परतावं लागलं की राग येतो, चिठ्ठी मिळाली की निम्मा उतरतो.

आता चुकांबद्दल. गुणांच्या चुका निष्काळजीपणानं क्वचित होतात. त्या ठरावीक जागी होतात: बैठक क्रमांकातले दोन अंक अदलाबदल होतात (४५७६ चं ४७५६), गैरहजर विद्यार्थ्याला शून्य पडतं, एका विषयाचे अंतर्गत गुण शेजारच्या रकान्यात जातात. ज्यानं टंकलं त्यानंच तपासलं तर चूक दिसत नाही, कारण डोळा कागदावर नसलेलंही वाचून घेतो. म्हणून ५० विद्यार्थ्यांचा एक गठ्ठा करा. गठ्ठ्यावर पेन्सिलीनं तीन आकडे लिहा: विद्यार्थी किती, गैरहजर किती, सगळ्या गुणांची बेरीज किती. नोंद झाली की संगणकावरचे तेच तीन आकडे जुळवा. बेरीज जुळली नाही तर चूक त्याच ५० मध्ये आहे, पाच हजारांत शोधावी लागत नाही. गुण दोघांत अदलाबदल झाले तर बेरीज मात्र जुळते, म्हणून पुढची पायरी सोडू नका: एकानं पडद्यावरून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं कागदावर टिंब द्यायचं. कागदावरून वाचून पडद्यावर पाहिलं तर ऐकलेला आकडाच डोळ्याला दिसतो. चारनंतर नोंद बंद करून दुसरं काम घेता आलं तर घ्या.

‘पडताळणी राहू द्या, आजच पाठवा’ असं तोंडी सांगण्यात आलं तर वाद घालू नका. नस्तीवर (फाईलवर) एक ओळ लिहा: ‘आजच्या तोंडी निर्देशानुसार दुबार पडताळणीविना सादर.’ सही, वेळ. ही ओळ पाहिल्यावर पुष्कळदा पडताळणीला वेळ मिळतो.

वही हातात आली की टिपणी लिहा. पहिल्या परिच्छेदात आकडा: ‘दररोज सरासरी ४० अर्ज, प्रत्येकी १२ मिनिटे, एकूण ८ तास, खिडकी व दूरध्वनी दीड तास, उपलब्ध वेळ ८ तास.’ (आकडे तुमच्या वहीतले घाला.) दुसऱ्यात परिणाम: रोज दीड तासाचं काम शिल्लक राहतं. तिसऱ्यात एकच मागणी: सहा आठवड्यांसाठी अंतर्गत गुणांचं काम दुसऱ्या टेबलाकडे. ‘मी फार तणावात आहे’ हे टिपणीत लिहू नका. ते खरंच आहे, पण त्यावर ‘सगळेच आहेत’ असा शेरा येतो. दीड तासावर असा शेरा मारता येत नाही. आवक क्रमांक घ्या, १५ दिवसांनी स्मरणपत्र द्या. विद्यापीठ अधिनियमात कर्मचाऱ्यांच्या तक्रारींसाठी निवारणाची व्यवस्था आहे. तिथपर्यंत जावं लागलं तर हेच कागद उपयोगी पडतील.

झोपेसाठी: निघायच्या दहा मिनिटं आधी उद्याची पहिली तीन कामं कागदावर लिहा आणि कागद ड्रॉवरमध्येच ठेवून या. रात्री जाग आली आणि वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणातून उठा, मंद उजेडात बसा, मोबाईल घेऊ नका. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. झोप दोन-तीन आठवडे अशीच मोडत राहिली तर डॉक्टरांना दाखवा आणि रक्तदाबही तपासून घ्या.

आमच्याकडे सहा एकर वावर आहे, सासरे थकले. जूनमध्ये पेरणी आणि आमच्याकडे प्रवेश एकाच वेळी. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, कापसाची पहिली वेचणी आणि हिवाळी परीक्षेचे अर्ज एकाच वेळी. रजा मागितली की साहेब म्हणतात, ‘तुम्हा लोकांना दरवर्षी याच दिवसांत बरी आठवण येते.’ घरीही बोलणी, इथेही बोलणी. रात्री ११ वाजता ग्रुपवर संदेश येतो तो वेगळाच.
— वरिष्ठ लिपिक, वाशीम जिल्हा

ताई, पाऊस आणि शैक्षणिक वर्ष दोन्ही जूनमध्येच सुरू होतात. तुम्ही मुद्दाम हे दिवस निवडत नाही, हे साहेबांना सांगायचं असेल तर ते जूनमध्ये सांगून उपयोग नाही, एप्रिलमध्ये सांगावं लागेल.

राज्य शासनाच्या रजा नियमांत रजा हक्क म्हणून मागता येत नाही, मंजूर करणं अधिकाऱ्याच्या हातात असतं. त्यामुळे अर्जाइतकीच सोय महत्त्वाची. अर्जित रजा १ जानेवारी आणि १ जुलैला प्रत्येकी १५ दिवस खात्यात जमा होते. मे संपायच्या आत आस्थापना विभागातून शिल्लक लिहून घ्या. पेरणीची खरी अडचण अशी की तारीख आधी सांगता येत नाही. मृग लागला म्हणून कोणी पेरत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये असाच सल्ला असतो. म्हणून एकदम दहा दिवस मागू नका. अर्जात लिहा: ‘दि. १५ ते ३० जून या काळात पावसानुसार ४ दिवस, आदल्या दिवशी कळवीन.’ सोबत कामाचा कागद जोडा: माझ्या टेबलावर कोणत्या नस्त्या, कोणती तारीख चुकवता येणार नाही, कोण पाहणार. ज्या सहकाऱ्याकडे शेती नाही त्याच्याशी अदलाबदल बोला. जूनचे चार दिवस तुमचे, दिवाळीपुढचे किंवा मे मधले चार त्याचे. दोघांच्या सह्यांचा कागद पाहून मंजुरी सोपी होते, कारण साहेबांची भीती रजेची नसते, रिकाम्या खुर्चीची असते.

सोंगणी अवघड आहे. मजूर मिळत नाहीत, परतीचा पाऊस डोक्यावर असतो आणि अर्जाची शेवटची तारीख पुढे जात नाही. तिथे दोन्ही निभवायचा प्रयत्न केला की माणूस पडतो. यंत्रानं सोंगणी आणि मळणी करून घेणं परवडतं का, हे घरात ऑगस्टमध्येच बोलून ठरवा. तुमच्या एका दिवसाच्या धावपळीची किंमत त्या हिशेबात धरा. घरात ती कोणी धरत नाही.

रात्रीच्या संदेशांबद्दल: कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे अजून झालेला नाही. पण कार्यालयापुरता नियम करून घेता येतो: खरंच तातडीचं असेल तर फोन करायचा, ग्रुपवरचा संदेश दुसऱ्या दिवशी पाहिला तरी चालेल. हा नियम साहेबांनीच ग्रुपवर टाकावा लागतो, लिपिकानं टाकला तर बंड वाटतं. बैठकीत ‘तातडीचं कसं ओळखायचं?’ असा प्रश्न म्हणून मांडा.

आमचं केंद्र शेतातच आहे, पत्र्याच्या छताचं. मे महिन्यात कुलर लावूनही अंग चिकचिक होतं, कागद ओले होतात, डोकं दुखतं. आम्ही सात जणी आहोत.
— कृषी विद्यापीठाच्या केंद्रातल्या कर्मचारी, अकोला जिल्हा

कुलर खोलीच्या आत, भिंतीला टेकवून ठेवला असणार. कुलरला बाहेरची कोरडी हवा लागते. त्याची पाठ खिडकीबाहेर हवी आणि समोरच्या बाजूची खिडकी वीतभर उघडी हवी. बंद खोलीत तो तीच ओली हवा फिरवतो, म्हणून तासाभरात चिकचिक होते. कागदांचे रॅक झोताच्या रेषेतून बाजूला घ्या. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून वाढ साधारण आठ-दहा दिवसांत होते. जूनमध्ये हवा दमट झाली की कुलरचा उपयोग संपतो, तेव्हा नुसता पंखा बरा. छताला उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी जाळी, ही दोन कामं किरकोळ खर्चात बसतात.

डोकेदुखीमागे बहुतेक वेळा पाणी असतं. ४५ अंशांच्या दिवसांत तीन लिटर तरी पोटात जायला हवं. लघवी गडद पिवळी म्हणजे कमी पडतंय. ताक, पन्हं, आंबील, जे घरून आणता येईल ते आणा. पण तुम्ही सात जणी पाणी कमी का पिता हेही विचारायला हवं. स्वच्छतागृहाला कडी नाही, बादलीत पाणी नाही, मागच्या बाजूला जायला भीती वाटते, म्हणून बायका सकाळपासून घोटभर पाण्यावर दिवस काढतात आणि मूत्रमार्गाचे संसर्ग घेऊन बसतात. हे तोंडी सांगायला संकोच वाटतो. मग सातही जणींच्या सह्यांनी चार ओळींचं पत्र द्या: आतून कडी, दिवा, वाहतं पाणी, झाकणाची कचरापेटी. यात एकही गोष्ट महाग नाही.

पडद्यासाठी एवढंच: वरची कड डोळ्याच्या रेषेत, अंतर हातभर, खिडकी पाठीमागे किंवा समोर नको, बाजूला हवी. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद बाहेरच्या झाडाकडे पाहा.

मी बाह्यस्रोत कंपनीमार्फत डाटा एंट्री करते, ११ महिन्यांचा आदेश. काम कायम लिपिकाचंच, पगार त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचाही नाही आणि दोन महिन्यांपासून तोही नाही. पी.एफ. कापतात म्हणे, कधी पाहिला नाही. दर वर्षी मार्च आला की पोटात गोळा येतो.
— चंद्रपूर जिल्हा

जेवढं घालतो त्याच्या मानानं पैसा, मान आणि उद्याची खात्री यांपैकी काहीच परत मिळत नाही, तेव्हा शरीरावरही परिणाम होतो. समाजशास्त्रज्ञ योहानेस सिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये हा असमतोल मांडला. तुमची अनिश्चितता कोणत्याही सल्ल्यानं जाणार नाही. पण तिच्यातला जो भाग माहिती नसल्यामुळे आहे तेवढा तरी कमी करू.

यू.ए.एन. (पी.एफ. खात्याचा कायमचा क्रमांक) मागा आणि उमंग ॲपवर पासबुक उघडा. तुमच्या पगारातून १२ टक्के आणि तेवढाच नियोक्त्याचा हिस्सा दिसायला हवा. (नियोक्त्याच्या हिश्श्यातला काही भाग पेन्शनमध्ये जातो, तो वेगळ्या रकान्यात दिसतो.) काही कंत्राटदार दोन्ही हिस्से कामगाराच्याच पगारातून कापतात; तसं करता येत नाही. नोंद नसेल तर भविष्य निर्वाह निधीच्या तक्रार संकेतस्थळावर तक्रार करा.

थकलेल्या पगारासाठी पत्र कंत्राटदाराला आणि कुलसचिवांना एकाच वेळी द्या, प्रत सहायक कामगार आयुक्तांना. कंत्राटदारानं वेतन दिलं नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ नियोक्त्यावर, म्हणजे इथे विद्यापीठावर येते. एकटीनं पत्र दिलं तर पुढचा आदेश निघणार नाही ही भीती खरी आहे, म्हणून सगळ्यांनी मिळून द्या. हजेरीची दर महिन्याची प्रत, आदेश आणि बँकेच्या नोंदी घरी एका फाईलमध्ये ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही लिहिली नाही पण बहुतेक ठिकाणी घडते. कायम लिपिकाच्या नावानं लॉगिन असतं आणि बोटं तुमची चालतात. चूक निघाली की तो म्हणतो मी केली नाही, आणि तुम्ही कुठेच नोंदलेल्या नसता. स्वतःचं लॉगिन लेखी मागा. मिळेपर्यंत रोज किती नोंदी केल्या, कोणत्या गठ्ठ्याच्या, हे वहीत लिहून संध्याकाळी त्या लिपिकाची सही घ्या.

कायम कर्मचाऱ्यांनाही विनंती: ‘ए कंत्राटी’ अशी हाक मारू नका, नाव घ्या. निरोप समारंभाच्या आणि चहाच्या यादीत नाव असणं तुम्हाला लहान वाटेल, त्यांना वाटत नाही.

आमच्या कर्मचारी संघटनेला ६० जणांचं कामाच्या जीवनमानाचं सर्वेक्षण करायचं आहे. प्रश्नावली कोणती आणि काय काळजी घ्यावी?
— संघटनेचे सचिव, बुलडाणा जिल्हा

स्वतः प्रश्न तयार करू नका. ब्रिटनमधल्या पोर्ट्समाउथ विद्यापीठात व्हॅन लार, एडवर्ड्स आणि ईस्टन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेलं मोजमाप चांगलं आहे. त्यात २३ विधानं आणि सहा घटक आहेत: सर्वसाधारण स्वास्थ्य, घर आणि काम यांचा मेळ, नोकरीतलं समाधान, कामावरचा ताबा, कामाची जागा व सोयी, कामातला ताण. उत्तर १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं). मूळ कर्त्यांची परवानगी घ्या.

गडबड बहुतेक भाषांतरात होते. ‘कामावरचा ताबा’ याचं ‘नियंत्रण’ केलं की लोक साहेबांचं आपल्यावरचं नियंत्रण समजतात आणि उत्तर उलटं येतं. ‘माझ्या कामात माझं म्हणणं चालतं’ असं साधं लिहा. मराठी झाल्यावर ज्यानं मूळ पाहिलं नाही अशा माणसाकडून परत इंग्रजी करून घ्या आणि ताडून पाहा. मग पाच जणांना मोठ्यानं वाचायला लावा. जिथे अडखळतात तिथे वाक्य बदला.

दुसरी चूक गुण देण्यात. विधान क्रमांक ७, ९ आणि १९ नकारार्थी आहेत. तिथे मिळालेला अंक ६ मधून वजा करायचा. ७ आणि १९ मिळून ताणाचा घटक बनतो. उलटवल्यानंतर त्या घटकाचे जास्त गुण म्हणजे ताण कमी. हे विसरून ‘आमच्याकडे ताण सर्वाधिक’ असा अहवाल गेला तर तो नेमका उलटा असेल.

साठच माणसं असल्यानं नमुना काढू नका, सगळ्यांना द्या. नाव, मोबाईल, जन्मतारीख मागू नका. ‘लेखा विभाग, स्त्री, वय ५० च्या वर’ एवढं विचारलं तरी ती कोण हे शिपायालाही कळतं. कायम की कंत्राटी एवढंच विचारा आणि १० पेक्षा कमी जणांच्या गटाचा आकडा वेगळा देऊ नका. ऑनलाइन भरून घेत असाल तर ईमेल नोंदवण्याची सोय बंद करा. कागदावर असेल तर कुलूपबंद पेटी ठेवा, आणि ती साहेबांच्या दालनाबाहेर नको.

निकालाच्या आठवड्यात सर्वेक्षण घेऊ नका. सप्टेंबरच्या सुरुवातीला घ्या आणि पुढच्या वर्षीही त्याच पंधरवड्यात घ्या, नाहीतर तुलना खोटी ठरेल. महिन्याच्या आत आकडे फलकावर लावा आणि सोबत सुधारलेली एक गोष्ट दाखवा, अगदी पिण्याच्या पाण्याचा फिल्टर बदलला असेल तरी. काहीच हललं नाही तर दुसऱ्या वर्षी लोक सरसकट ‘३’ वर खुणा करतात.

कार्यालयात तणावमुक्तीचं दोन दिवसांचं शिबिर ठेवलं आहे. जावं का?
— भंडारा जिल्हा

जा. श्वास, विश्रांती शिकून थोडा आराम पडतो. पण काम तसंच राहिलं तर तो फार टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही कामाच्या ठिकाणची रचना बदलणं आणि वरिष्ठांना प्रशिक्षण देणं यावर भर आहे. शिबिरात अधीक्षक आणि सहायक कुलसचिव पूर्ण वेळ बसणार आहेत का, हे आयोजकांना विचारा.

मी अधीक्षक आहे. सहा पदं, दोन रिक्त. माझ्याकडचा एक वरिष्ठ लिपिक, वीस वर्षांची निर्दोष नोकरी, तीन महिन्यांपासून बदलला आहे. डबा एकटा खातो, नस्त्या दाबून ठेवतो, सोमवारी गैरहजर. तोंडाला वास येतो असं शिपाई सांगतो. परवा म्हणाला, ‘साहेब, आता सुटावंसं वाटतं.’ ज्ञापन द्यावं का?
— गडचिरोली जिल्हा

ज्ञापन आज नको. आज बोलणं.

वीस वर्षं नीट काम केलेला माणूस तीन महिन्यांत बदलतो तेव्हा त्यामागे कारण असतं: आजार, कर्ज, घरातलं काही, किंवा रिक्त पदांचं काम त्याच्यावर पडून तो जळून गेला असेल. खोलीत दोघंच असताना, दार लोटून, टेबलाच्या पलीकडे न बसता शेजारी खुर्ची घेऊन बसा. चुकांपासून सुरुवात करू नका. ‘तीन महिने तुम्ही एकटे डबा खाता हे मी पाहतोय. काय चाललंय?’ एवढं म्हणा आणि गप्प राहा. पहिलं उत्तर ‘काही नाही साहेब’ असंच येईल. उठू नका.

‘सुटावंसं वाटतं’ या शब्दांचा अर्थ स्पष्ट विचारायचा: ‘नोकरी सोडावीशी वाटते, की जीव द्यावासा वाटतो?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे; विचारल्यावर माणसाला बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला किंवा उत्तर टाळलं तर त्याला एकटा सोडू नका. घरच्या एका माणसाला त्याच्यासमोरच फोन करा, घरात फवारणीचं औषध असेल तर ते कुलपात ठेवायला किंवा दुसरीकडे हलवायला सांगा, आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सोबत जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. तिथून पुढे काय करायचं हे तुम्हीही विचारू शकता. दारूबद्दल त्या दिवशी उपदेश नको. दारू एकदम तोडली तरी काही जणांना झटके येतात, म्हणून तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

वैद्यकीय प्रमाणपत्रावर रजा मिळवून द्या आणि आजाराचं नाव कार्यालयात फिरू देऊ नका. शिपायाला स्वतः बोलावून सांगा की वासाची गोष्ट इथेच थांबली पाहिजे. त्याच्या दाबलेल्या नस्त्यांचा गठ्ठा तुम्ही स्वतः सोडवा, तारखेप्रमाणे लावा. तो परत येईल तेव्हा टेबलावर तो ढीग दिसता कामा नये. रिक्त पदांबद्दलची टिपणी आकड्यांसह वर पाठवा, पहिल्या प्रश्नात सांगितली तशी.

रुजू होईल त्या दिवशी गाजावाजा नको, चौकशीही नको. पहिले दोन आठवडे खिडकी आणि फोन त्याच्याकडे देऊ नका. एक आवाक्यातलं, सुरू करून त्याच दिवशी संपणारं काम द्या, जसं ५० स्थलांतर प्रमाणपत्रांची पडताळणी. दर शुक्रवारी चारला दहा मिनिटं बसा आणि एवढंच विचारा: या आठवड्यात काय जड गेलं, पुढच्या आठवड्यात काय काढून घेऊ. जे काढून घेईन म्हणालात ते सोमवारी सकाळी खरंच काढून घ्या.